तळघर, डावीकडचं कपाट

मंगळवारपर्यंत ते पान होतं.
बुधवारी तिथे एक हसरा चौकोन आला,
"नमस्कार, मी काय मदत करू?"
आणि विहिरींच्या पाण्याचे बेचाळीस वर्षांचे आकडे
कुठे गेले
हे त्या चौकोनालाही ठाऊक नव्हतं.

वर्ना ऑस्टबीने त्याला तीनदा विचारलं.
शाळेची बस चालवण्यात हयात गेलेली बाई,
मोंटानाच्या बर्फात चाकांना साखळ्या बांधून
रोज एकशे दहा मैल;
पेंगुळलेल्या पोरांकडून घराचा पत्ता काढून घ्यायची सवय तिला.
तिने सोपं करून विचारलं.
विहिरीचा नंबर सांगितला, साल सांगितलं.
तो म्हणाला, आपल्या भागातलं पाणी
सर्वसाधारणपणे पिण्यायोग्य आहे.
मग त्यानेच विचारलं, माहिती कशासाठी हवी?
खाली पर्याय: शेती. संशोधन. मालमत्ता. इतर.
"इतर"वर तिचं बोट बराच वेळ थांबलं.
नवऱ्याची किडनी इतरमध्ये बसवणं
तिला जमेना.
तिने गाडी काढली.

हे सगळं तिने मला काउंटरवर सांगितलं,
हातमोजे न काढता.

मी इथे सरकारी दस्तऐवज सांभाळते.
सांभाळते म्हणजे, जूनपर्यंत.
वरून पत्र आलंय: यापुढे छापील प्रत नाही,
सगळं पडद्यावर, जलद, स्वच्छ, जागा वाचेल.
वाचलेल्या जागेत कॉफीचं मशीन येणार आहे.
कायदा मात्र अजून कागदाची बाजू मांडतो,
ऐकू कमी येणाऱ्या वकिलासारखा, मुद्दा न सोडता:
टाकायचं तर आधी यादी करा.
यादी मोठ्या ग्रंथालयाला पाठवा.
त्यांना नको तर शेजारच्या राज्यांना विचारा.
वाट बघा.

मी यादी करतेय.
इतकी सावकाश यादी
मी जन्मात केली नव्हती.

पडद्यावरच्या पानाला असलं काही लागू नाही.
ते जातं तेव्हा कुणाला विचारत नाहीत.
हमाल नको, ट्रक नको,
साधी धूळ उडत नाही,
आणि मागे राहिलेली जागा
जागा आहे हेही कळत नाही.

तळघरात दिवा दोनदा लुकलुकून लागतो.
डावीकडच्या कपाटात मायक्रोफिशचे खण,
एकेका पत्त्याएवढ्या फिल्मवर अठ्ठ्याण्णव पानं,
कुणा कारकुनाने नव्वद साली लावलेल्या निळ्या चिठ्ठ्या.
वाचायच्या यंत्राचा पंखा कण्हतो,
काच उलटी सरकते: डावीकडे ढकललं की उजवीकडे जाते.
वर्नाला ते पटकन जमलं.
"रिव्हर्स घेतल्यासारखं आहे," ती म्हणाली.

मग ती बोलली नाही.
विहीर २२१४. एकोणीसशे सत्त्याऐंशी. आर्सेनिक.
त्र्याण्णव. अठ्ठ्याण्णव.
प्रत्येक ओळीशेजारी एक फुली,
आणि फुलीचा अर्थ पानाच्या तळाशी,
इतक्या बारीक अक्षरात
की तिने चष्मा काढून, नाक काचेला लावून वाचला.

कुठे पाणी मुरतंय ते सांगणं माझ्या कामात बसत नाही.
माझं काम कपाट उघडणं.
जो येईल त्याला, फुकट,
कशासाठी हे न विचारता.
एवढं एक वाक्य कामावर घेताना मला वाचून दाखवलं होतं,
तेव्हा मी खिडकीबाहेर बघत होते.

प्रिंट दहा सेंट पान. अकरा पानं.
तिने सुटे मोजून ठेवले,
एक नाणं घरंगळलं, कपाटाखाली गेलं.
आम्ही दोघी गुडघ्यांवर.
तिथूनच तिने विचारलं,
"तुझ्या त्या यादीत
हे कपाट कितवं?"

शेवटचं, मी म्हणाले.

चौथं होतं.
ती गेल्यावर मी यादी पुन्हा
पहिल्यापासून लिहायला घेतली.